परदेशात युद्ध पेटलंय आणि आपलं माणूस तिकडे अडकलंय: पुण्यात बसून राज्य सरकारची मदत कशी मिळवायची

पुण्यात आता अशी सोसायटी सापडणं अवघड आहे जिथलं कोणीच परदेशात नाही. कोणाचा मुलगा जॉर्जियात किंवा किर्गिझस्तानात एमबीबीएस करतोय, कोणाची सून तेल अवीवला प्रोजेक्टवर गेलीय, कोणाचा भाऊ दुबई-दोहाकडे साइटवर आहे. आणि गेल्या काही वर्षांत युक्रेन, सुदान, इस्रायल, इराण असं एकामागून एक चालूच आहे. २०२२ ला माझी भाची युक्रेनमधल्या खारकीव शहरात शिकत होती, तेव्हापासून मी पालकांच्या ग्रुपमध्ये मदत करत आलेय, आणि दर वेळी तेच प्रश्न येतात: कलेक्टर ऑफिसला जाऊन काय होणार, मंत्रालयात कोणाला फोन करायचा, दूतावास फोन उचलत नाही मग राज्य सरकार काय करणार. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते, हे सेव्ह करा आणि ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना पाठवा.

आधी कोण काय करू शकतं ते नीट समजून घ्या

हे कळलं नाही तर पहिले दोन दिवस चुकीच्या दारात जातात. परराष्ट्र व्यवहार हा विषय आपल्या घटनेत पूर्णपणे केंद्राचा आहे. दुसऱ्या देशाशी बोलणं, विमान उतरवायची परवानगी, सीमेवरून बसेस सोडणं, हे कुठलंही राज्य सरकार करू शकत नाही. मुख्यमंत्र्यांनी कितीही मनावर घेतलं तरी ते केंद्राला पत्र लिहितील, फोन करतील, तिथून पुढे दिल्लीच करणार. तेव्हा 'राज्य सरकारने विमान पाठवावं' म्हणून कलेक्टर ऑफिससमोर बसण्यात वेळ घालवू नका.

पण म्हणून राज्याचा उपयोग नाही असं अजिबात नाही. दोन टोकं राज्याच्या हातात असतात आणि दोन्ही फार महत्त्वाची आहेत. पहिलं टोक म्हणजे यादी: आपल्या जिल्ह्यातलं कोण, कुठल्या शहरात, कोणत्या अवस्थेत अडकलंय हे गोळा करून केंद्राकडे पोचवणं. दुसरं टोक म्हणजे शेवटचा प्रवास: विमान दिल्ली-मुंबईत उतरल्यावर मुलाला हाताला धरून घरापर्यंत आणणं. मधला सगळा भाग परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावासाचा.

युक्रेनच्या वेळी हे अगदी स्पष्ट दिसलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला, त्याच दिवशी युक्रेनचं आकाश नागरी विमानांसाठी बंद झालं, म्हणजे तिथून थेट विमानाने निघायचा प्रश्नच मिटला. २६ तारखेला ऑपरेशन गंगा, म्हणजे तिथल्या भारतीयांना परत आणायची केंद्राची मोहीम, सुरू झाली आणि मुलांना रोमानिया, हंगेरी, पोलंड, स्लोवाकिया, मोल्दोवा अशा शेजारच्या देशांत नेऊन पुढे विमानांनी भारतात आणलं. एकूण ९० विमानफेऱ्या झाल्या, त्यात १४ हवाई दलाच्या, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून धरलं तर साधारण २२,५०० भारतीय परत आले. हे सगळं केंद्राचं. त्याच वेळी इकडे मंत्रालयात नियंत्रण कक्ष उघडला, जिल्ह्याजिल्ह्यात कलेक्टर ऑफिसने नावं घ्यायला सुरुवात केली, मुंबई विमानतळावर मदत कक्ष लागला, दिल्लीत महाराष्ट्र सदनात मुलांची सोय झाली. हे राज्याचं. दोन्ही मिळून काम झालं.

आणि हो, आपल्या मातीत हे काही नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेली पोलंडची जवळपास पाच हजार माणसं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिली, त्यांच्या शाळा, चर्च, दुकानं सगळं तिथे होतं, काही जण पाचगणीलाही होते. २०२२ ला आपली मुलं पोलंडच्या सीमेवर पोचली तेव्हा माझ्या डोक्यात सारखं वळिवडेच येत होतं. एका संस्थानाच्या हद्दीत परक्या देशातल्या हजारो लोकांना पाच वर्षं आसरा मिळाला होता, त्यामुळे युद्ध परदेशात असलं म्हणजे राज्याने हात झटकायचे असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही.

जायच्या आधीच करून ठेवायच्या गोष्टी

ज्यांचं माणूस अजून निघायचंय किंवा तिकडे शांतता आहे त्यांनी हा भाग आज संध्याकाळीच करून टाका.

परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे, २०१५ पासून चालू आहे. तिथे परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याची नोंदणी करता येते आणि अडचण आली तर तक्रारही तिथेच टाकता येते. त्याशिवाय त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या वेबसाइटवर नोंदणीचा फॉर्म असतो तो पण भरा. मुलं म्हणतात 'करतो गं नंतर' आणि ते नंतर कधी येत नाही, म्हणून व्हिडिओ कॉल लावून समोर बसवून भरून घ्या.

पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, व्हिसा किंवा तिथलं रहिवासी कार्ड, विद्यापीठाचं पत्र, विम्याची पॉलिसी, हे सगळं स्कॅन करून एक प्रत मुलाकडे, एक तुमच्या मेलमध्ये आणि एक कागदावर छापून घरात. कागदावर का, तर कलेक्टर ऑफिसच्या टेबलावर फोन पुढे करून झूम करून दाखवण्यापेक्षा झेरॉक्स दिली की काम पटकन होतं. आणि मुलाजवळ थोडे डॉलर किंवा युरो रोख असू द्या, कारण युद्ध सुरू झालं की एटीएमसमोर रांगा लागतात आणि कार्ड चालेनाशी होतात.

बातमी आली, आता पहिले काही तास

पहिलं काम मुलाशी बोलणं, पण थोडक्यात. त्याच्या फोनची बॅटरी आत्ता सोन्याच्या मोलाची आहे. काका, मामा, आत्या, शाळेतले मित्र सगळे एकदम फोन करायला लागतात आणि तो बिचारा बंकरमध्ये बसून प्रत्येकाला तेच सांगत बसतो. घरातल्या एकाच माणसाने बोलायचं आणि त्याने बाकीच्यांना सांगायचं, हे पहिल्या तासात ठरवा. भांडण झालं तरी चालेल पण हे ठरवाच. आजीला बोलायचं असतं हे मला कळतं, पण आजीला व्हॉइस मेसेज ऐकवा.

त्या कॉलवर एवढंच विचारा: नेमकं कुठे आहेस, पत्ता किंवा लोकेशन पाठव, सोबत कोण कोण भारतीय आहेत, पासपोर्ट तुझ्याकडेच आहे का कॉलेजात जमा आहे, खाणं-पाणी-औषध किती दिवसांचं आहे. पासपोर्टचा प्रश्न विसरू नका. काही ठिकाणी व्हिसाच्या नूतनीकरणासाठी तो विद्यापीठाकडे किंवा एजंटकडे असतो आणि मग मुलगा सीमेवर जाऊन काय दाखवणार.

मग फोन लावा १०७७ ला. हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे. प्रत्येक जिल्ह्याचा कक्ष वेगळा, त्यामुळे समोरून कोणी बोलायला लागलं की आधी विचारा, पुणे जिल्ह्याचाच कक्ष ना. राज्याच्या कक्षाचा नंबर १०७०. मोठं संकट असलं की सरकार खास वेगळे नंबर आणि मेल आयडी जाहीर करतं, ते जिल्हा माहिती कार्यालयाच्या प्रेसनोटमध्ये येतात, तिथूनच घ्या, फॉरवर्डमधून नको.

लोक विचारतात महापालिकेत जायचं का. नाही. तुम्ही कोथरूडला राहा, निगडीला राहा नाहीतर जुन्नरला, या कामासाठी दार एकच, जिल्हाधिकारी कार्यालय. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हेच जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख असतात. तालुक्याच्या गावी असाल तर तहसीलदाराकडे अर्ज दिला तरी तो वर जातो, पण फोन आणि मेल पुण्यालाच करा, वेळ वाचतो.

माहिती कशी द्यायची (इथे जरा सावकाश वाचा)

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात पालकांच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि तीच सगळ्यात घाईत केली जाते. फोनवर रडत रडत सांगितलेलं नाव कोणीतरी वहीत लिहितं, त्या वहीतून एक्सेलमध्ये जातं, एक्सेल मंत्रालयात जातं, तिथून दिल्लीला आणि मग दूतावासाकडे. या प्रत्येक टप्प्यावर नावाचं स्पेलिंग बदलू शकतं. आपल्याकडे तर आणखी घोळ, कारण आपण मुलाचं नाव, वडलांचं नाव, आडनाव असं सांगतो आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीचं नाव यादीत दोनदा होतं, एकदा आडनाव आधी आणि एकदा नंतर, आणि एका ठिकाणी ती 'संपर्क झाला' होती तर दुसऱ्या ठिकाणी 'संपर्क नाही'. तिच्या वडलांना दोन दिवस वेगवेगळ्या ऑफिसमधून फोन येत होते आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागत होतं.

म्हणून बोलून झालं तरी लगेच लेखी पाठवा, मेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, एकाच मेसेजमध्ये. नमुना देते, यातली माहिती बदलून वापरा. नाव आणि पासपोर्ट नंबर मात्र इंग्रजी अक्षरांत, पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहायचं.

विषय: परदेशात अडकलेल्या विद्यार्थ्याची माहिती, पुणे जिल्हा
पासपोर्टवरचं नाव आणि आडनाव, दोन्ही वेगळ्या ओळीत
पासपोर्ट नंबर आणि मुदत कधी संपते
जन्मतारीख
देश, शहर, विद्यापीठ, कितवं वर्ष
आत्ता मुक्काम कुठे: हॉस्टेलचं नाव, रस्ता, आणि लोकेशनची लिंक
तिकडचा मोबाइल नंबर देशाच्या कोडसह, व्हॉट्सअ‍ॅप वेगळा असेल तर तोही
सोबत असलेले महाराष्ट्रातले इतर, नाव आणि जिल्हा
तब्येतीची काही अडचण, चालू औषधं
पुण्यातला संपर्क, दोन माणसं, दोन नंबर, पत्ता आणि तालुका
शेवटचं बोलणं कधी झालं, तारीख आणि तिथली वेळ

शेवटची ओळ लोक गाळतात आणि तीच अधिकाऱ्याला सगळ्यात जास्त लागते. 'काल रात्री बोलणं झालं' म्हणजे कोणाची काल रात्र? युक्रेन हिवाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, इराण दोन तास मागे. सूचना येते 'संध्याकाळी सहापर्यंत बाहेर पडा' आणि इकडे आई आपल्या घड्याळात सहा वाजले म्हणून जीव टांगणीला लावून बसते. तेव्हा घरात एक घड्याळ त्या देशाच्या वेळेवर लावून ठेवा.

मेसेज पाठवल्यावर समोरच्या माणसाचं नाव, पद आणि नोंद क्रमांक विचारून घ्या, आवाज न चढवता. तिथे बसलेला क्लार्क किंवा नायब तहसीलदार आपल्यासारखाच रात्रभर जागा असतो. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा 'अमुक क्रमांकाची नोंद आहे, त्यात एवढा बदल करायचाय' म्हणा, नवीन नोंद करायला लावू नका.

आणखी कुठे कुठे कळवायचं

जिल्ह्याला कळवून झालं की 'मदद' पोर्टलवर तक्रार टाका, तिचा क्रमांक येतो तो जपून ठेवा. दूतावासाने जाहीर केलेल्या मेलवर वरचाच मेसेज इंग्रजीत पाठवा. मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात विदेश भवन आहे, तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं शाखा सचिवालय बसतं आणि राज्य आणि दिल्ली यांच्यातला दुवा म्हणून काम करतं. पुण्यातून तिथे धावत जायची गरज नाही, मेल पुरतो. तिकडे पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर ते काम तिथला दूतावास करतो; जुन्या पासपोर्टची प्रत सापडत नसेल तर बाणेरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात जा, मुंढव्याच्या सेवा केंद्रात नाही.

खासदार, आमदार, पालकमंत्री यांचं पत्र घ्यावं का? घ्या, खासदाराचं जास्त उपयोगी, कारण ते थेट परराष्ट्र मंत्रालयाला लिहू शकतात. पण एकाच घरातून पाच नेत्यांकडे पाच अर्ज गेले की दिल्लीत पाच वेगवेगळ्या फायली येतात आणि तोच तो मुलगा पाचदा मोजला जातो. एक घर, एक माणूस, एक मजकूर. पत्रातही 'मदद'चा क्रमांक टाकायला सांगा.

नोकरीला गेलेल्यांचं थोडं वेगळं असतं. कंपनीची स्वतःची बाहेर काढायची व्यवस्था असेल तर आधी एचआरला गाठा, तरीही जिल्ह्याच्या यादीत नाव द्याच. बोटीवर असलेल्यांसाठी मुंबईचं नौवहन महासंचालनालय हे दार आहे, तिथे जहाजाचं नाव आणि कंपनी सांगावी लागते. आखातात मजुरीला गेलेला माणूस असेल आणि खिशात पैसेच नसतील तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून राहणं, तिकीट असा खर्च होऊ शकतो, तो मागायला लाजू नका, त्यासाठीच आहे तो.

निघायचं की थांबायचं, हे पुण्यातून ठरवू नका

हे लिहिताना मला जरा जड जातंय कारण आईवडलांची तगमग मी बघितलीय. पण खरंच, नकाशा समोर ठेवून 'बाळा तू असं जा' म्हणणं धोक्याचं आहे. २ मार्च २०२२ ला दूतावासाने खारकीवच्या मुलांना सांगितलं की ताबडतोब शहर सोडा, गाडी नाही मिळाली तर चालत निघा, आणि पेसोचिन, बाबाये, बेझल्युदोव्का या गावांना तिथल्या संध्याकाळी सहापर्यंत पोचा. आदल्याच दिवशी तिथे कर्नाटकातल्या एका विद्यार्थ्याचा गोळाबारात जीव गेला होता. आणि त्याच आठवड्यात सुमी शहरातल्या मुलांना मात्र जागेवरच थांबायला सांगितलं होतं, ती मुलं बर्फ वितळवून पाणी पीत होती, आणि शेवटी ८ मार्चला त्यांना बसने पोल्तावाला नेलं, तिथून पुढे ट्रेनने पश्चिमेला आणि मग पोलंड. एकच देश, एकच आठवडा, दोन शहरांना अगदी उलट सूचना, आणि दोन्ही बरोबर. तिथला रस्ता कोणता सुरक्षित आहे हे सिंहगड रोडवर बसून आपल्याला कळत नाही.

तुमचं काम एवढंच की दूतावासाच्या अधिकृत हँडलवरची सूचना त्याच्यापर्यंत पोचवायची, कारण बऱ्याचदा तिकडे नेट नसतं आणि साध्या एसएमएसवर तीन ओळी जातात. सूचना जशीच्या तशी, गावाचं नाव तिथल्या लिपीतही, आणि वेळ तिथली. नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवा, लिंक नको.

पालकांचा ग्रुप नक्की करा पण त्याला नियम लावा. अ‍ॅडमिन दोन-तीनच, बातमी टाकायची तर स्रोत लिहायचा, व्हॉइस नोट फॉरवर्ड करायची नाही. २०२२ ला आमच्या ग्रुपवर एका एजंटने 'सीमेपर्यंत खास बस, माणशी इतके डॉलर, आत्ताच भरा' असा मेसेज टाकला, काही जणांनी पैसे भरले, बस कधी आली नाही. पैसे मागणारा कोणी आला की आधी जिल्ह्याच्या कक्षाला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

सीमा ओलांडली की लगेच कळवा

लोक इथे सुटकेचा श्वास सोडतात आणि कक्षाला कळवायचं राहून जातं. तसं करू नका. यादीत तुमचा मुलगा अजून 'अडकलेला' दिसत असेल तर अधिकारी त्याच्या मागे वेळ घालवत राहतात आणि ज्याला खरंच गरज आहे तो मागे पडतो. शिवाय विमानतळावर त्याला घ्यायला कोण जाणार हे त्या माहितीवरच ठरतं. तीन वेळा अपडेट द्या: सीमा ओलांडली, विमानात बसला, भारतात उतरला. विमानात बसताना कंपनी, फ्लाइट नंबर आणि कुठे उतरणार हे विचारून घ्या.

पासपोर्ट हरवला असेल तर घाबरू नका, दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, एका फेरीपुरतं, फक्त भारतात परत यायला चालतं. त्यासाठी जुन्या पासपोर्टची प्रत आणि फोटो लागतो, म्हणून वर म्हटलं की प्रत मेलमध्ये ठेवा.

दिल्ली नाहीतर मुंबई, आणि मग घर

आता राज्याचं दुसरं टोक. ऑपरेशन गंगाचं पहिलं विमान २६ फेब्रुवारी २०२२ ला संध्याकाळी बुखारेस्टहून मुंबईतच उतरलं, २१९ जण होते त्यात. पण पुढची बरीचशी विमानं दिल्लीला गेली, आणि हवाई दलाची गाझियाबादजवळच्या हिंडन तळावर. हे हिंडन लक्षात ठेवा. काही पालक दिल्लीच्या मोठ्या विमानतळावर फुलं घेऊन उभे होते आणि मुलं तिकडे हिंडनला उतरली होती.

दिल्लीत उतरणाऱ्या मुलाला एकच सांगा, बाहेर पडल्यावर महाराष्ट्राचा फलक किंवा मदत कक्ष शोध आणि त्यांच्याकडे नाव दे. तिथे राज्याचे निवासी आयुक्त, म्हणजे दिल्लीत राज्याचं काम बघणारे अधिकारी, यांच्या कार्यालयाची माणसं असतात. महाराष्ट्र सदनं दोन आहेत, जुनं कोपर्निकस मार्गावर आणि नवीन कस्तुरबा गांधी मार्गावर, तर कोणत्या सदनात नेणार हे विचारून घ्या. पुढच्या प्रवासाची काय सोय आहे, तिकीट सरकार काढतंय का आपण काढायचं, हे त्या त्या वेळच्या निर्णयावर असतं, म्हणून विमानात बसायच्या आधीच पुण्याच्या कक्षाकडून वदवून घ्या. आणि स्वतः तिकीट काढलंत तर बोर्डिंग पास आणि बिल ठेवा.

शेवटच्या प्रवासाबद्दल हक्काने बोला, संकोच करू नका. जून २०२५ ला इराणमधून आर्मेनियामार्गे आलेली जम्मू-काश्मीरची मुलं दिल्लीत उतरली, चार-पाच दिवसांचा प्रवास झालेला, आणि पुढे घरी न्यायला आणलेल्या बसेस बघून त्यांनी उघड नाराजी सांगितली. मुख्यमंत्री ओमर अब्दुल्लांच्या कार्यालयाने त्याची दखल घेऊन चांगल्या बसेसची व्यवस्था करायला लावली. युद्धातून आलेल्या मुलाने नीट बस मागितली म्हणजे नखरे केले असं नाही.

मुंबईला घ्यायला जाणार असाल तर दोघांनीच जा. अख्खं खानदान दोन गाड्या करून गेलं की विमानतळावर गोंधळ होतो आणि थकलेलं पोर सगळ्यांच्या पाया पडत बसतं. गाडीत पाणी, साधं खाणं, एक चादर, चार्जर. परत येताना एक्स्प्रेसवेवर त्याला झोपू द्या. प्रश्न विचारू नका. माझी भाची लोणावळा येईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, आणि मग एकदम म्हणाली, इथे सगळ्या घरांत दिवे लागलेत.

मला इथे एक गोष्ट मनापासून मागायचीय

केरळकडे १९९६ पासून परदेशातल्या मल्याळी लोकांसाठी स्वतंत्र खातं आहे आणि त्यांचं नॉर्का रूट्स नावाचं काम करणारं मंडळ आहे. २०१४ ला इराकमध्ये तिक्रितला अडकलेल्या ४६ परिचारिका कोचीला सुखरूप उतरल्या तेव्हा, किंवा २०२२ ला दिल्लीहून कोचीला खास विमानं केली तेव्हा, त्यांच्याकडे यंत्रणा आणि सवय दोन्ही आधीपासून होती. आपल्याकडे दर युद्धाला नवीन कक्ष उघडतो, नवीन नंबर येतो, नवीन एक्सेल बनते आणि सगळं संपलं की ती बंद होते. अधिकारी जीव तोडून काम करतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय, पण परदेशात कोण आहे याची कायमची नोंद राज्याकडे असायला हवी. पुण्यासारख्या जिल्ह्यातून इतकी मुलं बाहेर जात असताना ही मागणी अवाजवी नाही. आपापल्या आमदारांना हे शांततेच्या काळातच सांगा.

घरी आल्यावर

पहिले काही आठवडे झोप लागत नाही, फटाके किंवा कुकरच्या शिट्टीने सुद्धा दचकतात. 'आता आलास ना, मग काय' असं म्हणू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि ससूनला मानसोपचार विभाग आहे.

कागदं लगेच गोळा करा: विद्यापीठाचं बोनाफाइड, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, फी भरल्याच्या पावत्या, पासपोर्टवरचे शिक्के. मेडिकलच्या मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या हातात असतो, राज्याच्या नाही, हे लक्षात ठेवा. युक्रेनच्या मुलांना मार्च २०२२ मध्ये आयोगाने अर्धवट राहिलेली इंटर्नशिप भारतात करायची मुभा दिली, नंतर दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात तात्पुरतं शिकायची मान्यता आली, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात अंतिम परीक्षेच्या संधीचा मार्ग निघाला. म्हणजे वर्षभर लागलं. त्या वर्षात जी मुलं कागद व्यवस्थित ठेवून होती त्यांना अर्ज करता आले. या सवलती त्या एकाच प्रसंगापुरत्या होत्या, आपल्यालाही त्याच मिळतील असं धरून चालू नका आणि 'इथल्या कॉलेजात ट्रान्सफर करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला लेखी अर्ज द्या की शिक्षण युद्धामुळे थांबलंय, हप्त्यांची मुदत वाढवून द्या, आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याला बँकेत काही किंमत नसते.

आणि पुण्यातल्या परदेशी मुलांचं काय

हा भाग कोणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. आपल्या शहरात सुदान, येमेन, अफगाणिस्तान, सीरिया, इराण इथली मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतात, कोंढव्याला, कॅम्पात, विद्यापीठाच्या आसपास राहतात. त्यांच्या देशात युद्ध लागलं की इथे त्यांचे घरून येणारे पैसे बंद होतात, व्हिसा संपत येतो आणि परत जायला देशच उरत नाही. आपल्या मुलांना पोलंडमध्ये, रोमानियात अनोळखी लोकांनी सूप, ब्लँकेट दिली, घरात झोपायला जागा दिली. तसंच हे आहे.

तुमच्याकडे असा भाडेकरू असेल, किंवा वर्गात असा मुलगा असेल, तर त्याला सांगा की व्हिसाची मुदत संपायच्या आधीच ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर मुदतवाढीचा अर्ज करायचा, कारण मुदत संपून गेल्यावर सगळं अवघड होतं. अर्जासोबत कॉलेजचं बोनाफाइड आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो, आणि घरमालक म्हणून परदेशी माणूस आपल्याकडे राहतोय हे सरकारला कळवायचा फॉर्म (ज्याला सी-फॉर्म म्हणत आलेत) भरायची जबाबदारी तुमची असते, ती टाळू नका, त्याच्या अर्जाला तो लागतो. प्रत्यक्ष काही अडलं तर पोलिस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी शाखेत त्याच्यासोबत जा, मराठी बोलणारं माणूस बरोबर असलं की त्याला बराच धीर येतो. शिष्यवृत्तीवर आलेला असेल तर आयसीसीआरचं (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद) पुण्यात कार्यालय आहे, आणि फीच्या सवलतीसाठी कॉलेजच्या प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी केंद्राला लेखी अर्ज करायचा. भाडं दोन-तीन महिने पुढे ढकलता येत असेल तर ढकला, आणि ते त्याला आधीच सांगा, म्हणजे तो खोली सोडून कुठेतरी निघून जाणार नाही.